परिणाम आढळला नाही

"माझी मावशी मेलेली नाही," ती म्हणाली.

टेबलापलीकडच्या माणसानं मान वर केली, चष्मा काढून हातात घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"बरं झालं," तो म्हणाला.

"बरं झालं काय? तुमच्या वर्तमानपत्रानं तिला मारलंय. आज सकाळी. हे बघा."

तिनं घडी उलगडून अंक त्याच्या पुढ्यात आपटला. शाळेच्या नव्या वाचनालयाचं उद्‌घाटन तिच्या मावशीच्या हस्ते होणार होतं. मावशी त्याच शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवत होती. बातमी लिहिणाऱ्यानं घाईघाईत तिच्या नावापुढे 'दिवंगत' लिहून टाकलं होतं आणि 'हस्ते'च्या जागी 'स्मरणार्थ'.

"सकाळपासून माणसं फुलं घेऊन येतायत," ती म्हणाली. "आणि दार तीच उघडतेय! एक गृहस्थ तर तिला बघून पायरीवरच बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं…"

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. पण डोळ्यांतलं हसू काही त्याला मिटता आलं नाही. ते तिनं पाहिलं आणि ती आणखीच चिडली. चिडता चिडता तिला हेही दिसलं, की त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे लालसर वळ उमटलेत. असलं काहीतरी आपल्याला का दिसावं, हे मात्र तिला कळलं नाही.

"बाईंना आज संध्याकाळी भेटता येईल?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"दुरुस्ती वाचून दाखवायला. ज्यांच्याबद्दल चुकलं, त्यांना आधी वाचून दाखवल्याशिवाय मी छापत नाही."

पलीकडच्या टेबलावरून एक बाई ओरडली, "जा रे दिलगीर, जा! जिवंत माणसाची माफी मागायची संधी रोज मिळत नाही."

वर्तमानपत्रात रोज कुठं ना कुठं चूक होते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक लहानशी चौकट येते – अमुक छापलं होतं, ते तमुक असं वाचावं, चुकीबद्दल दिलगीर आहोत. ती चौकट हा माणूस लिहायचा. म्हणून सगळं कार्यालय त्याला दिलगीर म्हणायचं. ओरडणारी बाई खेळाचं पान लावायची. तिला सगळे क्रीडाताई म्हणत.

संध्याकाळी तो खरंच आला. मावशी फुलांच्या ढिगात खुर्ची टाकून बसली होती. त्यानं उभ्यानंच कागद काढला आणि वाचला, "'…या वृत्तात शाळेच्या माजी शिक्षिकांचा उल्लेख अनवधानाने दिवंगत असा झाला. बाई हयात असून –'"

"थांब," मावशी म्हणाली. "'हयात असून' काय? असून नसून सारखीच, असं वाटतं. 'ठणठणीत' लिही."

"त्याला डॉक्टरचा दाखला लागेल, बाई."

"मग लिही, मुलांना अजून नकाशे काढायला शिकवतात. मेलेल्या बायका काही नकाशे काढत नाहीत."

त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून तसं लिहिलं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

"आता परत कशाला?" तिनं विचारलं.

"दुरुस्त केलेलंही वाचून दाखवायचं असतं," तो म्हणाला. "चूक काढताना नवी शिरते."

मावशीनं भाचीकडे असं पाहिलं, जसं ती वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर बाकीच्या वर्गाकडे पाहायची.

दारापर्यंत सोडायला ती गेली. "सगळेच उपसंपादक असं घरी येऊन वाचतात?"

"नाही," तो चपला घालत म्हणाला. "सगळ्यांना वेळ असतो कुठं? मला घरी कुणी वाट बघणारं नाही."

एवढं बोलून तो लाजला. आणि गंमत म्हणजे, तीही.

*

ती महाविद्यालयात पत्रकारिता शिकवायची. तात्पुरती. म्हणजे वर्ग तेच, फळा तोच, पण दर वर्षी नवं नेमणूकपत्र. कायम व्हायचं तर तिचा एक शोधनिबंध चांगल्या जर्नलमध्ये यायला हवा होता.

जर्नल म्हणजे दुकानात टांगलेलं मासिक नव्हे. आपण काही शोधून काढलं, की ते लिहून तिथं पाठवायचं. तिथले लोक ते दोन जाणकारांना वाचायला देतात. त्यांना परीक्षक म्हणतात. निबंध कुणी लिहिला हे परीक्षकांना सांगत नाहीत आणि परीक्षक कोण, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. तोंडं झाकली म्हणजे भीडही राहत नाही आणि वशिलाही. पद्धत चांगली आहे. फक्त, झाकलं तोंडच जातं, बाकीचा माणूस झाकला जात नाही… हे तिला पुढे कळायचं होतं.

विषय तिला त्या संध्याकाळीच मिळाला होता. वर्तमानपत्रं आपली चूक कशी कबूल करतात? तिनं संपादकांची परवानगी काढली आणि कॉलेज सुटलं की बातमीदारांच्या दालनात कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसू लागली. कार्यालयानं तिचं नाव ठेवलं पाहुणी. कुणाचंही नाव निबंधात येणार नाही, असं तिनं सगळ्यांना लिहून दिलं. त्यामुळे क्रीडाताई झाली सहभागी एक, मुख्य वार्ताहर झाले सहभागी दोन, आणि दिलगीर – सहभागी तीन.

चारच्या सुमाराला दालनात चहा यायचा. ती आपला पेला घेऊन मागच्या जिन्यावर जायची. तिथं खिडकी होती, खिडकीत कुणीतरी कधीतरी ठेवलेली एक कुंडी होती, आणि खालच्या मजल्यावरून शाईचा वास वर येत असायचा. काही दिवसांत तोही पेला घेऊन तिथं येऊ लागला.

"आज मी किती चुकलो?" तो विचारायचा.

"मी चुका मोजत नाही. निरीक्षण करते."

"मग आजचं निरीक्षण?"

"सहभागी तीन यांनी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलं आहे."

त्यानं खाली पाहिलं. खरंच होतं. "दुरुस्ती उद्याच्या अंकात," तो गंभीरपणे म्हणाला, आणि ती इतकी हसली की चहा हिंदकळून पायरीवर सांडला.

त्या जिन्यावर त्यांचा एक रिवाज आपोआप पडला होता. ती पेन उघडून वहीत लिहीत असली, की ते काम. बोलणं दुसरीकडे वळलं – त्याची गावाकडची आई, तिची मावशी, लहानपणी कोण अंधाराला भ्यायचं – की ती पेनाला टोपण लावायची. टक्‌! तो आवाज झाला की त्याचे खांदे सैल पडायचे. याबद्दल दोघंही कधी एक शब्द बोलले नव्हते.

एका दुपारी तो आला, पण 'आज मी किती चुकलो?' हे काही त्यानं विचारलं नाही.

"काय झालं?" तिनं विचारलं. आणि पेनाला टोपण लावलं.

त्यानं टोपणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमचे स्तंभलेखक आहेत ना, रविवारचे… ते संपादकांचे मित्र. त्यांच्या चुका दुरुस्त करायच्या नाहीत, असा हुकूम आहे. त्यांचा मान जातो म्हणे."

"मग तुम्ही काय करता?"

"तुम्हाला 'वाचकांचे प्रश्न' हे सदर माहीत आहे? त्यात एक वाचक अधूनमधून प्रश्न विचारतो. नदीवरचा पूल नेमका कधी बांधला? अमुक कायदा कुणी केला? मग आम्ही खरं उत्तर छापतो. स्तंभलेखकांनी रविवारी जे चुकीचं लिहिलेलं असतं, तेच. तो वाचक… मीच असतो."

"म्हणजे खोटा वाचक?"

"खोटा वाचक, खरी माहिती," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. "कळलं तर टेबल जाईल माझं. आणि बरोबरच आहे. पण ती चूक तशीच पडलेली मला बघवत नाही हो…"

त्याचा पेला तसाच भरलेला, हातात गार झाला होता. तिला वाटलं, त्या हातावर आपला हात ठेवावा. तिनं ठेवला नाही. पण ठेवला असता, हे दोघांनाही कळलं.

*

निबंध लिहून झाला. विभागप्रमुखांनी तो चाळला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"छान लिहिलंय. पण यात शोध कुठाय? माणसं चुकतात, माफी मागतात. हे तर आमच्या नातवालाही माहीत आहे."

"सर, ते आधी वाचून दाखवतात, ती पद्धत…"

"सज्जन माणूस आहे, एवढंच सिद्ध होतं. अहो, यंदा जागा भरतायत. पुन्हा कधी भरतील, देव जाणे. काहीतरी ठोस टाका."

ठोस काय होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. घरी येऊन ती टेबलाशी बसली. नाव कुठं लिहायचंय आपल्याला, तिनं स्वतःला समजावलं. सहभागी तीन म्हणजे कुणीही. हे जर्नल वाचणार कोण? कुठली तरी चार विद्वान माणसं. आणि वाईट थोडंच लिहिणार आहोत! उलट कौतुकच… मन एकदा वकिली करायला लागलं, की त्याला अशील शोधावा लागत नाही. तिनं परिच्छेद लिहिला. 'छुपी दुरुस्ती : एका काल्पनिक वाचकाची निर्मिती'. सुंदर उतरला. सगळ्या निबंधाला त्यानं कणा आला.

मग जर्नलच्या नियमाप्रमाणे तिनं निबंधातून स्वतःचं नाव काढलं, कॉलेजचं काढलं, वर्तमानपत्राचं काढलं. नावं पुसली की माणसं पुसली जातात, अशा समजुतीनं तिनं तो संगणकावरून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यावर गेली नाही. "डोकं दुखतंय," तिनं सांगितलं.

"मग चहा तर घ्यायलाच हवा," तो म्हणाला, आणि दोन पेले घेऊन दाराशी उभा राहिला. तिला त्याच्याकडे पाहता आलं नाही.

*

परीक्षकांचं उत्तर आलं, तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत एकटीच होती. पहिल्या परीक्षकानं निबंध वाखाणला होता आणि संदर्भ नीट लावायला सांगितले होते. दुसऱ्या परीक्षकानं थोडंच लिहिलं होतं.

'दुरुस्तीचे टेबल एक, त्यावर बसणारा माणूस एक. त्याचे नाव गाळून काय साधले? त्याचा संपादक हे वाचून त्याला क्षणात ओळखेल. सहभागी तीन प्रत्येक मजकूर संबंधितांना आधी वाचून दाखवतो, याचे लेखकाला फार कौतुक आहे. प्रस्तुत मजकूर लेखकाने सहभागी तीनला वाचून दाखवला आहे काय?'

आणि त्याखाली: 'सहभागी तीनच्या नाकावरील चष्म्याच्या वळांचा निष्कर्षाशी काय संबंध आहे, हे समजले नाही.'

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वळांचं आपण लिहिलं? तिनं निबंध उघडून पाहिला. लिहिलं होतं. इतकंच नाही, तो वाचताना बोट ओळीखालून कसं सरकवतो, हसू दाबताना खालचा ओठ कसा आत घेतो… सगळं 'निरीक्षण' या मथळ्याखाली. एका अनोळखी माणसानं कुठंतरी बसून तिचं मन वाचलं होतं. आणि त्याच मनानं काय केलं होतं, तेही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. खोलीतली जमीन मात्र होती तशीच राहिली. घंटा झाली, आणि तिला जाऊन मुलांना 'पत्रकारितेतील विश्वास' हा धडा शिकवावा लागला.

संध्याकाळी मावशीच्या पायाशी बसून तिनं सगळं सांगितलं. "त्यांचं टेबल गेलं असतं, मावशी. मी टोपण लावलं होतं गं… आणि तरी लिहिलं. मला माझंच तोंड बघवत नाहीये."

मावशी ओरडली नाही. ती शाळेतही कधी ओरडत नसे. "वर्गात शाई सांडली, की पोरं काय करायची सांगू? एकमेकांकडे बोट दाखवायची, नाहीतर रडत बसायची. मी काय विचारायची?"

"कुणी सांडली?"

"अंहं. फडकं कुठंय, हे विचारायची. रडून झालं की सांग."

"ते माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत."

"नसेल बोलत. फडकं बोलण्यासाठी नसतं, पुसण्यासाठी असतं."

*

"तुम्हाला काही वाचून दाखवायचंय," जिन्यावर ती म्हणाली.

"मला?" तो खूश झाला. रुमालानं पायरी पुसून तिला जागा करून दिली, स्वतः एक पायरी खाली बसला. "आजवर मला कुणी वाचून दाखवलं नाही. मीच वाचतो."

तिनं सुरुवात केली. वळांची ओळ आली, तेव्हा तिचा आवाज अडखळला. पण तिनं ती वाचली. त्याचा हात नकळत नाकाकडे गेला. खालचा ओठ आत गेला. ते पाहून तिला हसूही आलं आणि रडूही, कारण पुढं काय आहे ते तिला माहीत होतं, त्याला नव्हतं.

मग 'छुपी दुरुस्ती'.

ती वाचत राहिली. एक शब्द गाळला नाही, एक वाक्य घाईनं उरकलं नाही. एवढं तरी आपण त्याच्याकडून शिकलो, हे तिला दाखवायचं होतं. परिच्छेद संपला, तेव्हा खालच्या मजल्यावरचा छपाईचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"टोपण लावलं होतंत," तो म्हणाला.

"हो."

"मी पाहिलं होतं. म्हणून बोललो."

"माहीत आहे मला… मी –"

"हे पाठवलंत?"

"पाठवलं. अजून छापलं नाही."

तो पेल्यातल्या चहाकडे बघत बसला. तिला वाटलं, आता हा बोलेल, रागवेल. रागावला असता तर किती बरं झालं असतं!

"मजकूर बरोबर आहे," तो अगदी कामाच्या आवाजात म्हणाला. "तपशिलात चूक नाही."

"अजून शेवटचा भाग राहिलाय…"

"राहू दे."

भरलेला पेला खिडकीत ठेवून तो उठला. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पायऱ्या उतरून आलेल्या क्रीडाताईनं मात्र पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती काही न बोलता परत वर गेली.

*

तिनं परिच्छेद काढला. दुसऱ्या परीक्षकाच्या प्रश्नाला तिनं सरळ उत्तर लिहिलं: नाही, पाठवण्यापूर्वी वाचून दाखवला नव्हता. आता दाखवला. तो भाग मला सांगितला गेला होता, संशोधनाला नव्हे. म्हणून मागे घेत आहे.

वळांची ओळही काढली. ती काढताना मात्र हात जरा रेंगाळला.

जर्नलचं उत्तर सभ्य होतं. मुख्य निष्कर्षच नसल्यामुळे हा आता शोधनिबंध राहिला नाही. शेवटच्या पानांत लहानसं टिपण म्हणून छापता येईल. टिपण नोकरीच्या हिशेबात धरत नाहीत.

"एक परिच्छेद!" विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "अहो, एका परिच्छेदासाठी कायमची नोकरी सोडताय?"

"हो, सर."

"पुन्हा जागा निघेपर्यंत तात्पुरत्याच राहाल."

"राहीन, सर," ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कित्येक दिवसांनी फक्त भूक लागली.

टिपण छापायला जाण्याआधी घरी टेबलावर पडून होतं. मावशी जाता येता त्याच्याकडे बघायची.

"दुरुस्त केलेलंही वाचून दाखवायचं असतं," एकदा ती हवेत म्हणाली. "कोण बरं म्हणालं होतं?"

"मावशी, मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"एकच तर आहे. तेच घेऊन जा."

*

दालनात शिरताच क्रीडाताईनं हाक मारली. "आलात का पाहुणी! घेऊन जा बाई या माणसाला. काल यानं मला स्वल्पविरामावरून झापलं. मला! जिच्या पानावर स्वल्पविराम नसतातच."

तो मान खाली घालून काम करत होता. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी होती तिथंच. फक्त तेव्हा तिला त्यांच्या चुकीचा राग आला होता, आणि आज चूक तिची होती.

"दुरुस्ती वाचून दाखवायचीय," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकायची नसेल तर…"

तो उठला. जिन्याकडे चालू लागला. आज त्याच्या हातात पेला नव्हता.

ती वाचू लागली. टिपण लहानच होतं. 'छुपी दुरुस्ती' जिथं होती, तिथं आता दोन वाक्यं एकमेकांना येऊन चिकटली होती. शिवण चांगली होती, पण त्याच्यासारख्याच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

"इथं काहीतरी होतं," तो म्हणाला.

"होतं."

"ते नसताना निबंध घेतला त्यांनी?"

"निबंध नाही. टिपण म्हणून. शेवटच्या पानांत."

तो वर्तमानपत्रातला माणूस. शेवटच्या पानांचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. "आणि तुमची जागा?"

"ती गेली. पुढं कधीतरी निघेल."

"माझ्यासाठी एवढं करायला नको होतं."

"तुमच्यासाठी नाही," तिचा आवाज कापला, पण तिनं तो तसाच कापू दिला. "मी टोपण लावलं होतं. मग ते लावलेलंच राहायला हवं होतं. मला फार लाज वाटली… अजून वाटते. तुम्ही माफ करा असं मी म्हणत नाही. फक्त कळावं, की मला वाटते."

खालून शाईचा वास आला. खिडकीतल्या कुंडीला एक कोवळं पान फुटलं होतं. ते त्या दोघांच्या मधोमध हलत होतं.

"मलाही वाटली," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही वाचत होतात तेव्हा. आपलंच वागणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, की… लोकांना मी रोज वाचून दाखवतो, पण ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. तो वाचक आता प्रश्न विचारत नाही."

"दिवंगत?"

"या वेळी खरोखर." आणि त्याचा खालचा ओठ आत गेला.

ते पाहिलं आणि तिचा इतके दिवस अडकलेला श्वास सुटला.

"शेवटचा भाग राहिलाय," ती म्हणाली. "मागच्या वेळी वाचायचा राहिला तो. 'मर्यादा'. रूक्ष आहे. संशोधनात लिहावाच लागतो."

"वाचा. अर्धवट ऐकून मी सही करत नाही."

"'संशोधकाने अनेक महिने दालनात बसून निरीक्षण केले. संशोधकाच्या उपस्थितीचा सहभागींच्या दैनंदिन वर्तनावर लक्षणीय परिणाम झाल्याचे आढळले नाही.'"

"चूक," तो म्हणाला.

"काय?"

"हे वाक्य चूक आहे. साफ चूक. छापू नका."

"पण हे तपासलंय मी! उदाहरणही आहे पुढं. 'सहभागी तीन चहाच्या वेळी नेहमीप्रमाणे जिन्यावर बसत असे.'"

"नेहमीप्रमाणे?" तो कधी नव्हे इतका चिडला. "तुम्ही यायच्या आधी मी या जिन्यावर कधी पाऊल टाकलं नव्हतं! आणि चहा… मी चहा पीत नाही."

"पीत नाही? मग रोजचा तो पेला –"

"कुंडीला विचारा."

तिनं कुंडीकडे पाहिलं. तिला आठवलं, ती इथं येत होती त्या सगळ्या महिन्यांत ते झाड पिवळट, मलूल होतं. आता कुणी चहा ओतत नव्हतं, तर बिचाऱ्याला पालवी फुटली होती.

"अरे देवा," ती म्हणाली. "इतके महिने समोर बसून… हे मला दिसलं नाही?"

"तुम्हाला वळ दिसले," तो म्हणाला. "ती ओळ का काढलीत? ती बरोबर होती."

तिचे गाल तापले. पण हा ताप निराळा होता. यात मान खाली घालावीशी वाटत होती, आणि तरीही डोळे वर उचलावेसे वाटत होते. तिनं हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"टोपण लावू?"

"नको," तो म्हणाला. "काढ. हे लिहून घे."

काढ. घे. त्यानं पहिल्यांदाच असं म्हटलं होतं, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिनं टोपण काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, जुनं वाक्य खोडलं आणि लिहू लागली. तो एक पायरी वर सरकला. आता दोघं एकाच पायरीवर होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मग वाच. दुरुस्त केलेलंही –"

"– वाचून दाखवायचं असतं. माहीत आहे." तिनं घसा साफ केला. "'संशोधकाच्या उपस्थितीचा सहभागी तीनवर परिणाम झाला. सहभागी तीनचा संशोधकावरही झाला. तो दुसऱ्या परीक्षकाला दिसला, पण संशोधकाला उशिरा कळला.'"

"लक्षणीय?"

"लक्षणीय," ती म्हणाली, आणि या वेळी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. मग कागद वर धरून, त्याच्याच आवाजाची नक्कल करत शेवटची ओळ म्हणाली, "चुकीबद्दल दिलगीर –"

"ते खोड," तो म्हणाला. त्यानं तिचा हात सोडला नाही. "याबद्दल नाही."